ऑपरेशननंतरची काच



आमच्या एका गटाच्या कर्जाच्या नोंदवहीत काही वर्षांपूर्वीची एक ओळ आहे. ‘मुलीच्या डोळ्याचे ऑपरेशन, रु. ३०,०००, हप्ते १५.’ खाली अध्यक्षांची सही, सचिवांची सही. त्या बैठकीला समन्वयक म्हणून मीही हजर होते. कर्ज वेळेवर फिटलं. वहीच्या हिशेबाने विषय तिथे संपला.

पण ज्या डोळ्यांसाठी ते कर्ज काढलं, त्यांची गोष्ट संपली नव्हती. त्या मुलीला दूरचा मोठा नंबर होता. जाड चष्म्यावरून दोन स्थळं परत गेली, तेव्हा घरच्यांनी लेझरने नंबर घालवायचं ठरवलं. ऑपरेशन झालं, चष्मा गेला, लग्नही झालं. दोन वर्षांनी तिला रात्री दिव्याला फांद्या फुटल्यासारखं दिसायला लागलं. एका चंद्राचे तीन चंद्र. एसटी अगदी पुढ्यात येईपर्यंत पाटी वाचता येईना. चष्म्याच्या दुकानात दोनदा नंबर काढला, दोनदा काचा बदलल्या, तरी अक्षरामागची सावली जाईना. सासरी लेझरचं सांगितलेलंच नव्हतं, त्यामुळे तिकडे बोलायची चोरी. शेवटी आईच तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, हिला आता खास प्रकारची कडक कॉन्टॅक्ट लेन्स लागेल.

परत आल्यावर त्या ताई मला म्हणाल्या, “काच जावी म्हणून तर ऑपरेशन केलं. मग ऑपरेशननंतर परत काच कशाला?”

मला एकदम माझी आजी आठवली. मोतीबिंदू काढल्यावर तिच्या हातात जाड भिंगांचा चष्मा दिला, तेव्हा तिनेही अगदी हेच विचारलं होतं. दोन बायका, मध्ये चाळीस वर्षांचं अंतर, आणि प्रश्न एकच. म्हणून आज मी तुम्हाला या काचेचा इतिहास सांगणार आहे. त्याची सुरुवात आपल्या मिरजेपासून करू.

मिरजेचं ऑपरेशन आणि सोडावॉटरचा चष्मा

मिरजेचं मिशन हॉस्पिटल आपल्या भागात माहीत नाही असं माणूस विरळा. डॉ. विल्यम वॉन्लेस हे मूळचे कॅनडाचे. १८८९ मध्ये ते मिशनचे डॉक्टर म्हणून भारतात आले, सांगलीत दवाखाना सुरू केला, आणि मग १८९४ मध्ये मिरजेत हॉस्पिटल उभं राहिलं. मिरज हे डॉक्टरांचं गाव झालं, त्याचा पाया तिथे पडला. लांबून लांबून माणसं यायची, आणि त्यांत डोळ्याची माणसं पुष्कळ असायची. मोतीबिंदूचं ऑपरेशन करणारे म्हणून वॉन्लेस साहेबांचं नाव झालं होतं.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर बाहेरून आलेला पडदा, असं आपण समजतो. तसं नाही. डोळ्याच्या आत, बुबुळाच्या मागे, मसुराच्या दाण्यासारखं पण त्याहून मोठं एक नैसर्गिक भिंग असतं. वय झालं की ते गढूळ होतं. सुश्रुतसंहितेतही या दुखण्यावरचा इलाज सांगितला आहे. त्या काळापासून कित्येक शतकं सुईने ते गढूळ भिंग आतल्या आत बाजूला सारत असत. ते डोळ्यातच राहायचं, आणि पुष्कळदा पुढे डोळा बिघडायचा. १७४७ मध्ये फ्रान्समधल्या जाक दाव्हिएल या डॉक्टरांनी गढूळ भिंग डोळ्याबाहेर काढण्याची रीत सुरू केली. वॉन्लेस यांच्या काळात ऑपरेशन म्हणजे हीच रीत.

भिंग काढलं की उजेड आत येतो. पण भिंगच नाही, तर चित्र जुळणार कसं? माणसाला हालचाल कळते, दिवस-रात्र कळते, पण समोरचा चेहरा ओळखू येत नाही. म्हणून काढलेल्या भिंगाच्या बदल्यात बाहेरून भिंग द्यावं लागायचं. साधारण दहा नंबरचं, मध्ये फुगलेलं. आपण ज्याला सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडाचा चष्मा म्हणतो, तो हाच. म्हणजे ऑपरेशनचं अर्धं काम डॉक्टरांच्या हाताने व्हायचं आणि उरलेलं अर्धं चष्म्याने.

पुढे डोळ्यांची शिबिरं सुरू झाली. आपल्या शेजारच्या विजापूर भागात जन्मलेले डॉ. एम. सी. मोदी हे त्यातलं मोठं नाव. गावोगाव शिबिरं घेऊन त्यांनी इतकी ऑपरेशनं केली, की सरकारने १९६८ मध्ये त्यांना पद्मभूषण दिलं. १९७६ मध्ये अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. शाळेच्या खोल्यांमध्ये सतरंज्या घालून पेशंट झोपवायचे, डोळ्यांना पट्ट्या, हलायचं नाही. मोतीबिंदू ‘पिकू द्या’ म्हणायचे, कारण पिकल्याशिवाय तो नीट काढता येत नसे.

माझ्या आजीचं ऑपरेशन अशाच एका शिबिरात झालं. तिला तो चष्मा कधी मानवला नाही. त्या काचेतून प्रत्येक वस्तू पाव हिश्शाने मोठी दिसते. त्यामुळे ती जवळ आहे असं वाटतं. आजी तांब्यातून पाणी ओतायची ते पेल्याच्या अलीकडे पडायचं. दाराची उभी चौकट तिला वाकलेली दिसायची. बाजूने येणारं माणूस दिसायचंच नाही आणि एकदम पुढ्यात उभं राहायचं. ती दचकायची, आणि आम्ही पोरं हसायचो. आज त्याची लाज वाटते. ती वेंधळी नव्हती. भिंगाच्या कडेला जो गोल पट्टा असतो, तिथलं काहीच दिसत नाही. तो दोष काचेचा होता.

एकदा म्हशीने मान हलवली आणि चष्मा दगडावर पडून फुटला. नवा आणायला तालुक्याला जायचं, आणि शेतीचा हंगाम चालू. आज जाऊ, उद्या जाऊ करत दीड वर्ष गेलं. ते दीड वर्ष आजीने भिंतीला हात लावून काढलं. तिचं ऑपरेशन कागदावर यशस्वीच होतं.

ती एकटी नव्हती. १९८६ ते १९८९ या काळात देशभर अंधत्वाची पाहणी झाली. शंभर अंध माणसांमागे ऐंशी जणांना मोतीबिंदू होता. आणि जवळजवळ पाच जण असे होते, की मोतीबिंदू काढून झालेला, तरी अंधच. भिंग काढलं, पण त्याच्या जागी चालेल अशी काच डोळ्यासमोर नाही, हे त्यातलं मोठं कारण. ऑपरेशनं मोजणारे पुष्कळ होते, ऑपरेशननंतर चष्मा टिकला का हे विचारणारं कोण होतं? आणि घरात चष्मा कुणाचा आधी होतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

काच डोळ्याच्या आत गेली

हा चष्मा सुटला कसा, तेही बघू. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या लढाऊ विमानांना काचेऐवजी एका कडक, पारदर्शक प्लास्टिकचं छत असायचं. गोळी लागून ते फुटलं की बारीक तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात जायचे. लंडनचे डॉक्टर हॅरॉल्ड रिडली यांनी पाहिलं, की हे तुकडे डोळ्यात राहिले तरी डोळा फारशी कुरकुर करत नाही. मग त्याच जातीच्या प्लास्टिकचं छोटं भिंग करून ते डोळ्याच्या आतच का बसवू नये? १९४९ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी ते पहिल्यांदा बसवलं. बरोबरीच्या डॉक्टरांनी त्यांना बरीच वर्षं वेड्यात काढलं.

आपल्याकडे ते भिंग बाहेरून यायचं आणि गरिबाला परवडायचं नाही. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या मंडळींनी १९९२ मध्ये ऑरोलॅब नावाचा कारखाना काढला आणि तेच भिंग देशात स्वस्तात बनवलं. १९९४ पासून जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प चालला. त्यात महाराष्ट्र होता. आज आपली आई ‘लेन्स टाकून’ दुसऱ्या दिवशी घरी येते, त्यामागे एवढा प्रवास आहे. माझ्या आजीच्या वाट्याला मात्र तो आला नाही.

पण डोळ्यात बसवायच्या भिंगाची गोष्ट इथे संपत नाही. आत बसवायच्या भिंगाच्या कितीतरी आधी, डोळ्यावर बसवायचं भिंग निघालं होतं.

पहिली लेन्स कुणासाठी होती?

कॉन्टॅक्ट लेन्स म्हटलं की आपल्याला निळ्या-हिरव्या डोळ्यांच्या नट्या आठवतात. पण लेन्सचा जन्म हौसेतून झालेला नाही. १८८८ मध्ये, म्हणजे वॉन्लेस साहेब भारतात यायच्या एक वर्ष आधी, स्वित्झर्लंडमधल्या झुरिक गावात अडॉल्फ फिक नावाच्या डॉक्टरांनी काचेच्या पातळ वाट्या बनवून घेतल्या. त्या पूर्ण बुबुळावरून जाऊन डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकायच्या. आत साखरेचं पाणी भरायचं. आधी सशांवर, मग स्वतःच्या डोळ्यावर, आणि मग पेशंटवर त्यांनी त्या वापरून पाहिल्या. ते पेशंट कोण? ज्यांच्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा वेडावाकडा झाला होता आणि ज्यांना चष्म्याने काही फरक पडत नव्हता असे. त्या पडद्याला डॉक्टर कॉर्निया म्हणतात. म्हणजे आमच्या गटातल्या मुलीसारख्याच डोळ्यांसाठी पहिली लेन्स निघाली.

ती काचेची वाटी दोन तासांच्या वर सोसत नसे. कॉर्नियामध्ये रक्तवाहिन्या नसतात. त्याला लागणारा प्राणवायू बहुतेक सगळा बाहेरच्या हवेतून मिळतो. काचेखाली तो गुदमरायचा. पुढची शंभर वर्षं लेन्स बनवणाऱ्यांची सगळी धडपड या गुदमरण्याशीच होती.

१९३० नंतर काचेच्या जागी प्लास्टिक आलं. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या केविन टुओही यांनी फक्त बुबुळापुरती लहान लेन्स काढली. जाड चष्म्याने दुनिया पाव हिश्शाने मोठी दिसायची, ती डोळ्यावरच्या लेन्सने सात टक्क्यांच्या आसपासच मोठी दिसे. त्यामुळे ज्यांचा एकाच डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता, त्यांना ही लेन्स वरदान ठरली. कारण चष्मा लावला की त्यांना एकाच माणसाची दोन मापांची दोन चित्रं दिसायची. मात्र लेन्स घालायची, काढायची, रोज धुवायची. शहरात ते जमलं, माझ्या आजीसारखीला कोण देणार?

मग मऊ लेन्स आली, आणि तिची गोष्ट मला फार आवडते. प्रागमधले रसायनशास्त्रज्ञ ओट्टो विख्टर्ले यांना त्यांच्या संस्थेत या कामाला पाठबळ मिळेना. १९६१ च्या नाताळात त्यांनी घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मुलांच्या खेळण्यातले पत्र्याचे सुटे भाग आणि सायकलचा डायनॅमो जोडून यंत्र केलं आणि पहिल्या मऊ लेन्स फिरवून काढल्या. जगभर लोक आज घालतात त्या मऊ लेन्स या खटपटीतून आल्या.

पण मऊ लेन्स ओल्या फडक्यासारखी असते. खाली जसा आकार, तसा तिचा आकार. कॉर्निया खडबडीत असेल तर तीही खडबडीत बसते. म्हणून वाकड्या डोळ्याला कडकच लेन्स लागते. १९७० नंतरच्या काळात असं कडक प्लास्टिक निघालं, की ज्यातून प्राणवायू आरपार जातो. आणि १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डोनाल्ड इझेकिएल यांनी त्या नव्या प्लास्टिकची मोठी वाटी केली, फिक यांच्यासारखीच, पांढऱ्या भागावर टेकणारी. हिला स्क्लेरल लेन्स म्हणतात. शंभर वर्षांनी जुनी युक्ती परत आली, पण आता डोळा गुदमरत नव्हता.

चष्मा घालवायचं ऑपरेशन

आता दुसऱ्या बाजूला या. डोळ्याचा रोग बरा करायला नव्हे, तर नुसता चष्मा घालवायला ऑपरेशन करावं, हा विचारही जुनाच आहे. जपानमध्ये डॉ. सातो यांनी महायुद्धाच्या आधीपासून कॉर्नियावर बारीक चिरा देऊन नंबर उतरवायला सुरुवात केली. चिरा आतल्या बाजूनेही दिल्या. लोकांचा चष्मा गेला, कौतुक झालं. पण साधारण वीस वर्षांनी त्यातले कितीतरी डोळे पाणी धरून पांढरे पडायला लागले. कॉर्नियाच्या आतल्या बाजूचा नाजूक थर पडदा स्वच्छ ठेवतो, हे तेव्हा नीट माहीत नव्हतं. ऑपरेशन आज झालं, निकाल वीस वर्षांनी लागला.

१९७४ पासून रशियात डॉ. फ्योदोरोव यांनी चिरा फक्त बाहेरून देण्याची पद्धत चालवली, आणि ती जगभर गेली. आपल्याकडेही पुष्कळांनी ती करून घेतली. अमेरिकेत अशा पेशंटचा दहा वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा शंभरातल्या ४३ डोळ्यांचा नंबर हळूहळू उलट्या बाजूला सरकलेला दिसला. कुणाला सकाळी एक दिसे, संध्याकाळी दुसरं. तुमच्या ओळखीत पन्नाशी-साठीचं कुणी असेल, की ज्यांनी तरुणपणी डोळ्याला चिरा दिलेल्या आहेत आणि आता कुठलाच चष्मा जमत नाही, तर त्यांना ही माहिती जरूर सांगा.

मग लेझर आला, आणि त्यात आपल्या माणसाचा हात आहे. मूळचे चेन्नईचे रंगस्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आयबीएम कंपनीत काम करत होते. १९८१ च्या नोव्हेंबरात त्यांनी सणाच्या जेवणातलं उरलेलं टर्की पक्ष्याचं मांस प्रयोगशाळेत नेलं आणि त्यावर एक्सायमर नावाचा लेझर मारून पाहिला. आजूबाजूला काही न जाळता त्याने अगदी सुबक खाच पाडली. १९८३ मध्ये डॉ. ट्रोकेल यांच्याबरोबर त्यांनी तो डोळ्यासाठी वापरता येईल हे दाखवलं. त्यातून आजचं लेसिक आलं. कॉर्नियाचा वरचा पापुद्रा उचलायचा, खालचा भाग लेझरने तासून आकार बदलायचा, पापुद्रा परत बसवायचा.

हे मी मुद्दाम सांगते, की लेझर वाईट नाही. नीट तपासून, योग्य डोळ्यावर केलं तर बहुतेकांना चांगलं दिसतं आणि ते समाधानी असतात. पण कॉर्नियाची जाडी असते जेमतेम अर्धा मिलिमीटर, वहीच्या पाच-सहा पानांएवढी. नंबर जेवढा मोठा, तेवढी तासणी जास्त. मुळातच पातळ किंवा कमकुवत असलेला पडदा तासला, तर तो काही महिन्यांनी, काही वर्षांनी आतल्या दाबाने पुढे फुगू लागतो. १९९८ पासून डॉक्टरांच्या लिखाणात हे दुखणं नोंदलेलं आहे. ते क्वचित होतं, पण होतं.

लेझर न करताही ज्यांचा कॉर्निया निमुळता होतो, त्यांच्या दुखण्याला केरॅटोकोनस म्हणतात. ते बहुधा शाळा-कॉलेजच्या वयात सुरू होतं, नंबर सारखा वाढतो, मूल डोळे फार चोळतं. नागपूर भागातल्या खेड्यांत तिशीपुढच्या ४,६६७ माणसांचे डोळे मोजले, तेव्हा शंभरात दोघांहून जरा जास्त जणांचा कॉर्निया या मापात बसला. ही मोजणी फक्त उतार पाहून केलेली होती, तरी हे दुखणं आपल्यापासून लांब नाही एवढं त्यातून कळतं. अशा डोळ्यावर लेझर करायचं नसतं. म्हणून आधी कॉर्नियाचा नकाशा काढतात, त्याला टोपोग्राफी म्हणतात, आणि जाडी मोजतात.

आमच्या मुलीचा नकाशा काढला होता का? फाइलमध्ये सापडला नाही. आणि आम्ही कर्ज देताना विचारलं होतं का? नाही. आम्ही विचारलं, हप्ते किती ठेवायचे.

भुई सारवल्यासारखी

तर आता त्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर. ऑपरेशननंतर परत काच कशाला?

मातीची भुई उखणलेली असली, खड्डे पडलेले असले, तर आपण काय करतो? खड्डे भरून वरून सारवतो. वरचा पृष्ठभाग सपाट झाला की पाट नीट बसतो. कडक लेन्स तेच करते. वरून ती गुळगुळीत असते. ती आणि खडबडीत कॉर्निया यांच्यामध्ये पाणी राहतं. लहान लेन्समध्ये आपलेच अश्रू असतात, मोठ्या स्क्लेरल लेन्समध्ये ती घालताना वाटीत भरलेलं निर्जंतुक सलाइन असतं. ते पाणी खड्डे भरून काढतं. उजेडाला आता डोळ्याचा नवा, सपाट पृष्ठभाग मिळतो, आणि तीन चंद्रांचा एक चंद्र होतो. चष्मा डोळ्यापासून लांब असतो, त्याला खड्डे भरता येत नाहीत. म्हणून दोनदा काचा बदलूनही उपयोग झाला नाही.

लहान कडक लेन्स नऊ-दहा मिलिमीटरची असते आणि बुबुळावर बसते. स्क्लेरल लेन्स पंधरा ते वीस मिलिमीटरची असते, बुबुळाला न टेकता त्याच्यावरून पुलासारखी जाते. दिसायला मोठी, पण घातल्यावर टोचणं कमी, कारण पांढरा भाग कमी नाजूक असतो. धूळही सहज आत शिरत नाही. ज्यांचे डोळे ऑपरेशननंतर फार कोरडे पडले, ज्यांचा कॉर्निया बदलला आहे, त्यांनाही ती देतात. हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थान आणि चेन्नईचं शंकर नेत्रालय ही या कामातली देशातली मोठी नावं. मोठ्या शहरांतल्या कॉर्नियाच्या डॉक्टरांकडे अशी लेन्स बसवून मिळते.

लेन्स आजार थांबवत नाही, हेही लक्षात ठेवा. कॉर्निया फुगत चालला असेल तर तो थांबवायला वेगळा उपाय आहे. एका जीवनसत्त्वाचे थेंब टाकून त्यावर विशिष्ट किरण सोडतात. दवाखान्यात त्याला क्रॉसलिंकिंग किंवा सीथ्रीआर म्हणतात. आधी ते, मग लेन्स, असा क्रम डॉक्टर ठरवतात. आमच्या मुलीचं तसंच झालं.

लेन्स बसवायला तीन फेऱ्या लागल्या. पहिल्यांदा तिला ती घालताच येईना, आरशासमोर बसून रडली. चौथ्या दिवशी जमली. आईबरोबर परत येताना स्टँडवर तिने लांबूनच पाटी वाचली आणि म्हणाली, “आई, उठ, आपलीच गाडी आली.” घरी गेल्यावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. रोज सकाळ-संध्याकाळ डोळ्यात लेन्स घालायची-काढायची, तर ते लपवणार कसं? सासूबाई दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, “ते पाणी संपत आलंय का? आणायचं असेल तर सांग.”

खर्च मात्र सोपा नाही. एका डोळ्याची लेन्स हजारांत जाते, फार खास असेल तर त्याहून कितीतरी वर, आणि काही वर्षांनी बदलावी लागते. वर तिचं पाणी आणि तपासणीच्या फेऱ्या. शिवाय शिस्त हवी. हात साबणाने धुऊन कोरडे करायचे. नळाचं, विहिरीचं, नदीचं पाणी लेन्सला लावायचं नाही, कारण साध्या पाण्यातल्या जंतूने डोळा जाऊ शकतो. लेन्स घालून झोपायचं नाही. डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना, तर लेन्स काढायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

गटाने काय विचारावं

आता लेझरसाठी आपल्या भागात दोन कारणं असतात. मुलींचं लग्न आणि पोरांची भरती. हल्ली मुलीही भरतीला उतरतात. साताऱ्याकडे तर घरटी फौजेत गेलेली अपशिंग्यासारखी गावं. भरतीसाठी करणार असाल तर आधी जाहिरातीतला नियम वाचा. लेझर केलेल्या डोळ्याबद्दल प्रत्येक दलाचे नियम वेगळे असतात आणि ते बदलतात. आणि लग्नाचं म्हणाल, तर चष्म्यावरून मुलगी नाकारणाऱ्यांना आपण जाब विचारत नाही, मुलीचा डोळाच तासायला नेतो, हे मला आता खटकतं. करायचं तर तिच्या सोयीसाठी, तिच्या इच्छेने करा.

आमच्या गटांनी आता डोळ्याच्या ऑपरेशनसाठी कर्ज मागितलं की चार गोष्टी विचारायचं ठरवलं आहे. एक, कॉर्नियाचा नकाशा आणि जाडी तपासली का, आणि डॉक्टरांनी ती समजावून सांगितली का? रोज लेन्स घालणाऱ्या मुलीने तपासणीआधी डॉक्टर सांगतील तितके दिवस लेन्स बंद ठेवली का, तेही त्यात आलं. दोन, नंबर वर्ष-दीड वर्ष स्थिर आहे का? तीन, घरात कुणाचा कॉर्निया निमुळता आहे का, मुलगी डोळे फार चोळते का? चार, ऑपरेशननंतर चष्मा, लेन्स, थेंब, फेऱ्या लागल्या तर त्याचे पैसे हिशेबात धरले आहेत का? आजीचा चष्मा या चौथ्या प्रश्नापाशीच फुटून पडला होता.

आणि ऑपरेशनचे कागद जपून ठेवा. आधीचा नंबर, कॉर्नियाची मापं, किती तासलं, सगळं. आज तिशीत लेझर केलेली मुलगी साठीत मोतीबिंदूला जाईल. तेव्हा तिच्या डोळ्यात कुठल्या नंबरचं भिंग टाकायचं, हे काढायला डॉक्टरांना ही जुनी मापं फार उपयोगी पडतात. कारण तासलेल्या डोळ्याचा नेहमीचा हिशेब चुकू शकतो. सातबारा ज्या पेटीत ठेवता, त्याच पेटीत ही फाइल ठेवा. आणि फाइल कुठे आहे, ते मुलीला सांगून ठेवा.